पुण्याच्या वीस इंची दुर्बिणीचे प्रवर्तक : कावसजी दादाभाई नायगामवाला

खमरिया (जबलपूर) : आयुध निर्माणीच्या या वसाहतीत हिवाळ्यातील निरभ्र रात्री मृग नक्षत्र वर आले, की त्याच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर डाग साध्या डोळ्यांनाही जाणवतो. आठ-दहा इंची आरशाची दुर्बीण गच्चीवर नेऊन त्या डागाकडे पाहिल्यास पंखासारखा पसरलेला तेजोमेघ दिसतो आणि काहींना त्यात किंचित हिरवट छटाही जाणवते. ही छटा कोणत्या मूलद्रव्याची, हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील शास्त्रज्ञांमध्ये मोठ्या वादाचा विषय होता. त्या वादात पुण्याहून एका पारशी प्राध्यापकाने आपले निरीक्षण पाठवले होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला.

खगोलशास्त्राच्या इतिहासात नायगामवाला यांचे नाव परिचित आहे. भारतातील पहिल्या आधुनिक खगोलभौतिकी वेधशाळेचे ते संस्थापक होत. हौशी आकाशनिरीक्षकांनाही त्यांच्या चरित्रात रस वाटावा असे एक कारण आहे. मोठा आरसा घ्यावा की हलविण्यास सोयीचे लहान साधन घ्यावे, हा प्रश्न आज दुर्बीण विकत घेणाऱ्या प्रत्येकाला पडतो. नायगामवाला यांच्या कारकिर्दीत तो दोनदा निर्णायक ठरला आणि दोन्ही वेळा त्यांची उत्तरे वेगवेगळी होती.

नायगामवाला यांचा जन्म १८५७ सालचा. योगायोग असा, की काचेवर चांदीचा पातळ मुलामा देऊन दुर्बिणीचा आरसा तयार करण्याची पद्धत फ्रान्समध्ये लेऑं फुको यांनी त्याच वर्षी पुढे आणली. त्यापूर्वीचे आरसे तांबे व कथिल यांच्या मिश्रधातूचे असत. ते जड असत, लवकर काळवंडत आणि प्रत्येक वेळी पुन्हा घासताना त्यांचा आकार बिघडण्याचा धोका असे. काचेच्या आरशाचा आकार मात्र कायम राहतो. मुलामा उतरला तर तेवढाच नव्याने द्यावा लागतो. ज्या साधनावर नायगामवाला यांची पुढील कारकीर्द उभी राहिली, ते या शोधाचेच फळ होते.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८७८ मध्ये भौतिकी व रसायन या विषयांत ते एम. ए. झाले आणि कुलपतींच्या सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. १८८२ मध्ये त्याच महाविद्यालयात प्रायोगिक भौतिकीचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या वर्षी भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयास भेट दिली व वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारण्याकरिता ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम आपल्याकडून घातली. मूळ संकल्प प्रयोगशाळेचा होता, वेधशाळेचा नव्हता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

साधनांची निवड करण्यासाठी नायगामवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी विल्यम क्रिस्टी आणि सूर्याच्या वर्णपटाचे ख्यातनाम अभ्यासक नॉर्मन लॉकयर यांच्याशी त्यांचा विचारविनिमय झाला. भारताचे आकाश वर्षातील बरेच महिने स्वच्छ असते. तेव्हा चार भिंतींत ज्योतीचा प्रकाश तपासण्याऐवजी ताऱ्यांचा व तेजोमेघांचाच प्रकाश तपासावा, असा त्यांच्या सल्ल्याचा रोख होता. नायगामवाला यांनी तो मानला आणि प्रयोगशाळेच्या योजनेचे रूपांतर वेधशाळेच्या योजनेत झाले.

ही वेधशाळा मुंबईत उभारणे सोयीचे नव्हते. समुद्राकाठची दमट हवा वर्णपटाच्या कामास मानवणारी नव्हे. पुणे उंचावर व तुलनेने कोरड्या हवेत असल्याने तेथील जागा अधिक योग्य ठरली. १८८५ मध्ये नायगामवाला यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. ही संस्था आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. १८८८ मध्ये तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली.

वेधशाळेचे मुख्य साधन होते डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील वीस इंची परावर्ती दुर्बीण. भारतातील ती त्या काळची सर्वांत मोठी दुर्बीण होती आणि पुढे कित्येक दशके तिचा हा मान टिकून राहिला.

भिंगाच्या दुर्बिणीऐवजी आरशाची दुर्बीण का, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आजच्या खरेदीदारालाही तेच गणित करावे लागते. वर्णपटदर्शक प्रकाशाला त्याच्या रंगांत पसरवतो. मुळात क्षीण असलेला तेजोमेघाचा प्रकाश त्यामुळे आणखी विरळ होतो. म्हणून अधिकाधिक प्रकाश गोळा करणारे साधन लागते. वीस इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर व्यासाचा आरसा अंधाराला सरावलेल्या मानवी डोळ्यापेक्षा पाच हजारांहून अधिक पट प्रकाश गोळा करतो. आठ इंची आरशापेक्षा त्याची क्षमता सहापट असते. एवढ्या व्यासाचे भिंग घडवणे अतिशय खर्चिक होते. शिवाय भिंग निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरावर एकत्र आणते. एका रंगासाठी दुर्बीण साधली, की दुसरा रंग पसरलेला असतो. आरशात हा दोष नसतो. रंगांचाच अभ्यास ज्याला करायचा आहे, त्याच्यासाठी हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

आरशाची किंमत दुसऱ्या रूपाने मोजावी लागे. चांदीचा मुलामा दमट हवेत काळा पडतो आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याची निगा राखणे हे जिकिरीचे काम असते. ॲल्युमिनियमचा टिकाऊ मुलामा १९३० च्या दशकात आला. घुमटाखाली बसवलेली ही दुर्बीण उचलून नेण्याजोगीही नव्हती. मोठा आरसा हवा तर तो एका जागी राहणार, हे नायगामवाला यांनी स्वीकारलेले पहिले उत्तर होय.

त्याचे फळ लवकरच मिळाले. तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. विल्यम हगिन्स यांनी ती १८६४ मध्ये प्रथम पाहिली होती. विश्वातील बहुतेक ज्योती उल्कांच्या समूहांपासून बनल्या आहेत, असा सिद्धान्त लॉकयर मांडत होते. ही हिरवी रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे असेल, तर परिस्थितीनुसार रेषेची एक कड अस्पष्ट व पसरट दिसावयास हवी होती. नायगामवाला यांनी पुण्याच्या दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघाचा वर्णपट वेगवेगळ्या परिस्थितींत तपासला. रेषा प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी सारखीच तीक्ष्ण दिसली. ती मॅग्नेशियमची असू शकत नाही, हा निष्कर्ष त्यांनी १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध केला.

ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच आवडत्या सिद्धान्ताविरुद्ध हा पुरावा होता. परतंत्र देशातील एका तरुण प्राध्यापकासाठी ही लहान गोष्ट नव्हती. अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी याहून कितीतरी मोठ्या, ३६ इंची भिंगाच्या दुर्बिणीने केलेल्या मोजमापांतूनही मॅग्नेशियमचा दावा निकालात निघाला. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले. तोवर नायगामवाला यांना निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली होती.

दुसरा प्रसंग २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा. ग्रहणाचा पट्टा कोकणातील विजयदुर्गापासून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, वर्ध्याजवळील पुलगाव आणि जबलपूरच्या पूर्वेकडील शहडोल यांवरून बक्सरकडे गेला. पुणे त्याच्या बाहेर होते. देशातील सर्वांत मोठी दुर्बीण त्या दिवशी निरुपयोगी होती, कारण ती जागेवरून हलू शकत नव्हती. नायगामवाला यांनी उचलून नेता येतील अशी साधने, म्हणजे प्रिझम व छायाचित्रणाचे कॅमेरे घेतले आणि रेल्वेमार्गावरील जेऊर येथे तळ ठोकला. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांची तुकडीही जेऊरलाच उतरली होती. राजज्योतिषी क्रिस्टी शहडोल येथे होते.

लॉकयर विजयदुर्गावर होते. येथे एका प्रचलित समजुतीचा उल्लेख करणे इष्ट ठरेल. लॉकयर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असे अनेक ठिकाणी छापले जाते. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर भारतात आलेच नव्हते. त्यांनी ती पिवळी रेषा त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच पाहिली. विजयदुर्गाला ते आले ते तीस वर्षांनी, याच १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरील साहेबाच्या कट्ट्यांचे महत्त्व या दुरुस्तीने कमी होण्याचे कारण नाही.

तो काळ महाराष्ट्रासाठी अत्यंत कठीण होता. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता. प्लेगने मुंबई व पुणे होरपळले होते आणि जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. वेधशाळेचे आश्रयदाते महाराजा तख्तसिंहजी १८९६ मध्येच निवर्तले होते. अशा स्थितीत परगावी तळ उभारून, माणसे जमवून तालीम करणे सोपे नसावे. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटेच टिकते. तिच्या प्रारंभी व शेवटी सूर्याच्या कडेचा पातळ थर काही क्षण उजळतो आणि वर्णपटातील काळ्या रेषा एकाएकी तेजस्वी होतात. हा क्षणिक वर्णपट छायाचित्रात पकडण्यात नायगामवाला यांच्या तुकडीला यश आले. त्याचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेत निघाला.

जेऊरला जे साधले, ते वीस इंची आरशाने साधले नसते आणि मृगातील तेजोमेघाचे काम जेऊरच्या पेट्यांतील साधनांनी झाले नसते. दोन्ही गुण एका साधनात आणण्याचा मार्ग हौशी निरीक्षकांना बऱ्याच उशिरा मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन डॉबसन यांनी १९६० च्या दशकात घड्याळी यंत्रणा व जड लोखंडी खांब टाळून साध्या लाकडी बैठकीवर मोठे आरसे बसवले. आज आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण बैठकीसह वीस किलोच्या आसपास भरते व दोन खेपांत जिना चढते. दहा इंचांपर्यंत हा उद्योग एकट्याला झेपतो. बारा इंचांच्या पुढे सुटी होणारी सांगाड्याची नळी, मोटार आणि मदतीचा माणूस यांचा विचार खरेदीपूर्वीच केलेला बरा. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना मार्गदर्शन करीत आली आहे आणि आयुका संस्थेने विद्यार्थ्यांसाठी दुर्बिणी तयार करण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. स्वतः घासलेल्या सहा इंची आरशातून दिसलेला मृगातील तेजोमेघ विकतच्या दहा इंचीपेक्षा उजळ भासतो, असे सांगणारे भेटतात. गणिताला हे मान्य नाही.

नायगामवाला यांच्या वेधशाळेचा शेवट मात्र दुःखद झाला. १८९९ मध्ये सरकारने कोडाईकनाल येथे सूर्याच्या अभ्यासासाठी स्वतंत्र वेधशाळा सुरू केली होती. पुण्याची वेधशाळा एका व्यक्तीभोवती उभी होती. तिच्यासाठी वारस तयार करण्याची व्यवस्था झाली नाही. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त होताच ती बंद करण्यात आली व सर्व साधने कोडाईकनालला पाठवण्यात आली. चोवीस वर्षे चाललेल्या कामाला पुण्यात खंड पडला. ज्या शहरात आज आयुकासारखी संस्था आहे, त्या शहरात खगोलभौतिकीची परंपरा सलग राहिली असती तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

निवृत्तीनंतर नायगामवाला सव्वीस वर्षे हयात होते. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. जी दुर्बीण १८९८ मध्ये पुण्याहून जेऊरपर्यंतही जाऊ शकली नव्हती, तिचा प्रवास मात्र त्यांच्यामागेही थांबला नाही. कोडाईकनालमध्ये ती देणगीदाराच्या संस्थानावरून भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाऊ लागली. हिमालयात नव्या वेधशाळेसाठी जागा पारखण्याची वेळ आली, तेव्हा १९८० च्या दशकात भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ती लडाखमध्ये लेहच्या परिसरात नेऊन बसवली. त्याच प्रदेशात हान्ले येथे २००० साली दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण कार्यान्वित झाली.