डिग्री नसलेले प्राध्यापक : जॉर्ज बूल

अमरावती असो की अकोला, गॅदरिंगचे नाव रेडियममध्ये कापायला द्यायचे, तर कोरलड्रॉत अक्षरे ‘कम्बाइन’ करू नका. शिरोरेषेचे सांधे पोकळ होतात, कारण कम्बाइन सामाईक भाग वगळते. ‘वेल्ड’ करा, सगळे एकजीव होते. या तर्काचे मूळ जॉर्ज बूल यांच्याकडे जाते.

१८१५ साली इंग्लंडमधील लिंकन गावी जोडे शिवणाऱ्याच्या घरी ते जन्मले. कॉलेज नशिबी नव्हते. सोळाव्या वर्षापासून मास्तरकी करून घर चालवले, गणित स्वतःच शिकले. १८४९ मध्ये आयर्लंडमध्ये कॉर्कच्या कॉलेजात थेट प्राध्यापक! १८५४ मध्ये तर्काचे बीजगणित सविस्तर मांडले. १८६४ मध्ये भर पावसात चालत जाऊन ओल्या कपड्यांनीच शिकवले, आजारी पडले आणि एकोणपन्नासाव्या वर्षीच गेले. १९३७ मध्ये शॅनन यांनी तेच गणित स्विचच्या सर्किटला लावले. ते पाहायला बूल नव्हते. आपण मात्र रोज वापरतो.