शाळेतून उभा राहिलेला मुक्तिसंग्राम

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत रोजगाराच्या निमित्ताने आलेली मराठवाड्यातील अनेक कुटुंबे स्थायिक झाली आहेत. इतरांच्या लेखी १७ सप्टेंबर हा कामाचा एक दिवस असला, तरी या कुटुंबांसाठी तो दुसरा स्वातंत्र्यदिन आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याला मात्र त्यानंतर तब्बल १३ महिने वाट पाहावी लागली. त्या मुक्तिलढ्याचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ पेशाने शिक्षक होते, याचे विस्मरण होता कामा नये.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. सोलापूर, अमळनेर आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांच्या निधनाची वार्ता कानी पडताच या तरुणाने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काही काळ काम केल्यानंतर १९२९ च्या सुमारास त्यांची पावले उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावाकडे वळली. तेथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. तिच्या मुख्याध्यापकपदाची धुरा त्यांनी स्वीकारली. या अध्यापनाच्या काळातच स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेऊन ते रामानंद तीर्थ झाले.

त्या काळी संस्थानात शाळा चालविणे हे साधे काम नव्हते. १६ जिल्ह्यांच्या या राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. राज्यकारभार मात्र उर्दूत चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. गश्ती निशान ५३ या कुप्रसिद्ध परिपत्रकामुळे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. खासगी शाळाही सरकारच्या नजरेतून सुटत नसत. जेथे चार माणसांना एकत्र येऊन बोलणे अवघड, तेथे शाळेचा वर्ग हेच लोकजागृतीचे व्यासपीठ बनले.

हे केवळ मराठवाड्यातच घडले असे नाही. एकोणिसाव्या शतकात तुर्की सुलतानाच्या अमलाखालील बाल्कन प्रदेशातही मातृभाषेची शाळा आणि तिचा शिक्षक यांनीच राष्ट्रीय जागृतीचा पाया घातला. बल्गेरियाचा क्रांतिकारक वासिल लेव्हस्की आधी धर्मदीक्षा घेतलेला साधू होता. ती वस्त्रे उतरवून तो खेड्यात शिक्षक झाला, गुप्त समित्यांचे जाळे विणले आणि १८७३ मध्ये सोफियात फासावर गेला. स्वामीजी शिक्षक असताना संन्यासी झाले. तेथे संन्यासी शिक्षक झाला. मार्गही वेगळे होते, पण आरंभ दोघांनीही खेड्यातील वर्गातून केला. योगायोग असा, की त्याच तुर्की राजघराण्यातील अखेरच्या खलिफाची कन्या दुर्रुशेहवार १९३१ मध्ये निजामाची थोरली सून झाली.

१९३५ मध्ये स्वामीजी व त्यांचे सहकारी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले. योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत त्यांनी स्वतःला झोकून दिले. मात्र १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि राजकीय कार्याची हाक अधिकाधिक जवळ येऊ लागली. शिक्षक म्हणून त्यांच्यापुढे खरा पेच उभा राहिला तो येथेच. लढ्यात उतरावे, तर मोठ्या कष्टाने उभारलेल्या शाळेवर सरकारचा रोष ओढवणार. शाळेतच राहावे, तर विद्यार्थ्यांना शिकविलेले स्वातंत्र्य पुस्तकापुरतेच उरणार. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला. शाळा सहकाऱ्यांच्या हाती सुरक्षित राहिली आणि तुरुंगाची वाट त्यांनी स्वतःसाठी निवडली.

हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेआधीच बंदी घालण्यात आली होती. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रहास प्रारंभ केला. पाठोपाठ स्वामीजींनीही सत्याग्रह करून कारावास पत्करला. त्याच वर्षी औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् गाण्याचा आग्रह धरला. त्यांना महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. शाळेत रुजलेले बीज आता महाविद्यालयांत तरारले होते. सत्याग्रह मात्र डिसेंबर १९३८ मध्येच स्थगित करण्यात आला. त्याच वेळी हिंदू संघटनांचेही आंदोलन सुरू होते. लढा बेजबाबदार राजवटीविरुद्ध आहे, कोणत्याही धर्माविरुद्ध नाही, ही रेषा पुसली जाऊ नये, असा त्यामागील एक विचार होता.

१९४६ मध्ये बंदी उठली आणि स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी संस्थानभर दिन पाळण्यात आला. देशभर स्वातंत्र्याचा जल्लोष सुरू असताना १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर सुटका आणि २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा अटक. बाहेर कासीम रझवीच्या रझाकारांनी धुमाकूळ घातला होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि त्याच दिवशी स्वामीजी तुरुंगाबाहेर आले.

पुढे १९५२ मध्ये गुलबर्गा आणि १९५७ मध्ये औरंगाबाद येथून ते लोकसभेवर निवडून गेले. भाषावार प्रांतरचनेसाठी हैदराबाद राज्याचे विभाजन व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. १९५६ मध्ये ते झाले आणि मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले नांदेडचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. सेनानीचे स्मारक शिक्षणसंस्थेच्या रूपाने उभे राहावे, हे उचितच म्हणावे लागेल. कारण मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाची पहिली हजेरी शाळेच्या वर्गातच लागली होती.