संत इग्नेशियस लोयोला व त्यांची मनःशंका

येशूसंघाचे संस्थापक म्हणून संत इग्नेशियस यांचें नांव आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरले, तेव्हांपासून या किनाऱ्याशीं त्यांच्या संघाचा संबंध जडला. त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतों. परंतु सर्व कांहीं बिनचूक करण्याच्या हव्यासानें एकदां त्यांना मृत्यूच्या कांठापर्यंत नेलें होतें, ही हकीकत थोड्यांसच माहीत असते.

स्पेनमधील बास्क प्रांतांत लोयोलाच्या गढींत १४९१ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घरचें नांव इनिगो. तरुणपणीं ते दरबारी वळणाचे व कीर्तीचे भुकेले होते. २० मे १५२१ रोजीं पांप्लोनाच्या वेढ्यांत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. हाडें वांकडीं सांधलीं, म्हणून तीं पुन्हां मोडून बसविलीं. तरी गुडघ्याखालीं एक हाड उंच राहिलें. त्यामुळें तेव्हांचे घट्ट बूट घालतां येणार नाहींत एवढ्यासाठीं, भूल देण्याची विद्या नसतांना, त्यांनीं तें कापवून घेतलें!

बिछान्यावर ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें वाचून त्यांचें मन पालटलें. स्वभाव मात्र तोच राहिला. संत फ्रान्सिस व संत डोमिनिक यांनीं जें केलें तें आपणहि करून दाखवूं, अशी चढाओढ आतां स्वर्गाच्या वाटेवर सुरू झाली.

मार्च १५२२ मध्यें मोंत्सेरातच्या मठांत तीन दिवस लागून त्यांनीं सर्व आयुष्याचें लेखी पापनिवेदन केलें, आपली तलवार तेथेंच पवित्र मरियेस वाहिली, आणि ते जवळच्या मान्रेसा गांवीं गेले. तेथें भिक्षा मागून राहावें, रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करावी, मांसाला शिवूं नये, असा क्रम चालला. पूर्वीं केसांची ऐट फार, म्हणून आतां केस विंचरणें व नखें कापणेंहि सोडलें.

इतकें करूनहि समाधान मिळेना. मोंत्सेरातला एखादें पाप सांगावयाचें राहिलें तर नसेल? पुन्हां निवेदन करावें, पुन्हां शंका यावी. एका विद्वान् गुरूंनीं सर्व लिहून काढण्यास सांगितलें. त्यांनीं लिहिलें, तरी आणखी सूक्ष्म दोष आठवूं लागले. मग गुरूंनीं आज्ञा केली कीं, अगदीं स्पष्ट असेल तेवढेंच मागचें पाप सांगावें. पण इनिगोस प्रत्येकच गोष्ट स्पष्ट वाटे! ज्यांना ही व्यथा जडली आहे त्यांना येथें हंसूं येणार नाहीं. ते डोमिनिकन मठांत राहत. तेथें खोलींत एक मोठें विवर होतें. त्यांत उडी टाकून सुटावें असा मोह त्यांना वारंवार होई, व तें पाप आहे या भयानेंच ते थांबत. शेवटीं देव शांति देईपर्यंत अन्नपाणी घ्यावयाचें नाहीं, असा नेम त्यांनीं केला. एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत तो चालला. मग गुरूंच्या आज्ञेवरून त्यांनीं उपास सोडला.

दोन दिवस बरे गेले. मंगळवारीं प्रार्थनेंत असतां जुनीं पापें माळेच्या मण्यांप्रमाणें एकामागून एक पुढें आलीं, आणि चालू जीवनाचाच वीट येऊन तें टाकून द्यावें असें वाटलें. त्याच क्षणीं त्यांचे डोळे उघडले. ज्या विचारानें मनुष्य देवाची सेवा सोडावयास निघतो, तो विचार देवाचा कसा असेल? झालेल्या पापांचें पुन्हां निवेदन करावयाचें नाहीं, असा निश्चय त्यांनीं केला. देवाच्या दयेनें आपण सुटलों, असें ते पुढें सांगत. आणखी एक निर्दोष निवेदन करून ते सुटले नाहींत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कांहीं काळानें त्यांनीं केस व नखेंहि कापलीं.

पुढें तेहेतिसाव्या वर्षाच्या सुमारास ते बार्सिलोनांत मुलांबरोबर लॅटिन व्याकरण शिकावयास बसले. पॅरिसमध्यें १५२९ पासून त्यांच्याच खोलींत राहणारे पीटर फेबर अशाच शंकांनीं पिडलेले होते. त्यांस इग्नेशियस यांनीं घाई न करतां सुमारें चार वर्षें सांभाळलें. आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथांत त्यांनीं मनःशंकेविषयीं निराळ्या सूचना घातल्या. १५४८ सालीं गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा यांना त्यांनीं प्रार्थना व तप यांचा वेळ निम्म्यानें कमी करण्यास लिहिलें.

तथापि स्वभाव समूळ जात नाहीं. १५४४ सालीं संघाच्या चर्चना कायमचें उत्पन्न असावें कीं नसावें, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. निर्णय होऊनहि देवाकडून आणखी एक खूण मिळावी म्हणून ते कित्येक दिवस वाट पाहत राहिले. अखेर मार्च महिन्यांत, आपण आपल्याच समाधानासाठीं हें मागत आहों हें ओळखून, त्यांनीं तो विषय मिटविला.

३० जुलै १५५६ रोजीं रोममध्यें त्यांनीं आपले चिटणीस पोलांको यांस पोपमहाराजांचा आशीर्वाद आणण्यास सांगितलें. पोलांको यांस स्पेनच्या टपालाचीं पत्रें पुरीं करावयाचीं होतीं; वैद्यांनाहि धोका दिसत नव्हता. उद्यां गेल्यास चालेल काय, असें त्यांनीं विचारलें. आजच गेल्यास बरें, असें इग्नेशियस यांनीं सांगितलें. परंतु आग्रह न धरतां तें त्यांच्यावरच सोंपविलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे प्रकृति बिघडलेली पाहून पोलांको धांवत गेले. ते आशीर्वाद घेऊन परत आले तेव्हां संताचा प्राण गेला होता.