रेषेचा स्वामी : आल्ब्रेख्त ड्यूरर

जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरात २१ मे १४७१ रोजी आल्ब्रेख्त ड्यूरर याचा जन्म झाला. वडील सोनार होते. त्यांच्या हाताखाली मुलगा कोरणी धरावयास शिकला. परंतु त्याच्या मनाचा ओढा चित्रकलेकडे होता. शिकविण्यात गेलेली वर्षे वाया गेली याचे पित्यास वाईट वाटले. तरीही १४८६ मध्ये त्याने मुलास वोल्गेमुट या चित्रकाराकडे ठेविले. तेथे ग्रंथांसाठी लाकडी ठशांची चित्रे तयार होत.

या ठशांची रीत अशी : गुळगुळीत फळीवर चित्र काढावयाचे, रेषा तेवढ्या राखून बाकीचे लाकूड कोरून टाकावयाचे आणि उरलेल्या उंचवट्यास शाई लावून वर कागद दाबावयाचा. राखले ते काळे, काढले ते पांढरे. कारवार-गोव्याकडील जुन्या देवळांच्या भिंतींवर आपण कावीची चित्रे पाहतो. तेथेही वरचा तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केलेला असतो.

ड्यूररपूर्वी अशा चित्रांतील रेषा बहुधा कुंपणासारखी असे. आत रंग हाताने भरीत. ड्यूररने तीच रेषा कोठे जाड, कोठे बारीक केली. रेषांशेजारी रेषा दाटवून छाया उमटविली. रंगाची गरजच उरली नाही. १४९८ मध्ये त्याने बायबलातील प्रलयकथेवर पंधरा मोठी चित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील चार घोडेस्वारांमागचे आकाश आडव्या रेषांनी भरले आहे. त्यामुळेच ते स्वार वेगाने अंगावर येत आहेत असे वाटते.

१५१५ मध्ये एक गेंडा जहाजातून लिस्बनला पोहोचला. गुजरातच्या सुलतानाने दिलेला हा प्राणी आपल्या जोयडा तालुक्याच्या शेजारच्या गोव्यातून गेला होता. ड्यूररने तो कधी पाहिला नाही. दुसऱ्याच्या रेखाटनावरून व वर्णनावरून त्याने ठसा सिद्ध केला. कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या झाल्या, खांद्यावर एक नसलेले लहान शिंगही उगवले. परंतु रेषा इतकी ठाम होती की दोन शतकांहून अधिक काळ युरोपातील ग्रंथकारांनी तोच गेंडा खरा मानला. तो खरा गेंडा मात्र १५१६ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

६ एप्रिल १५२८ रोजी ड्यूरर न्यूरेंबर्ग येथेच निवर्तला. छापील रेषेचे सामर्थ्य त्याच्या चित्रांत आम्हांस दिसते. आणि सुरेख रेषाही चुकीची गोष्ट पटवू शकते, हेही त्याच चित्रांवरून आम्ही शिकतो. विद्यार्थ्यांनी दोन्ही ध्यानी ठेवावे.