विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (१४ ऑक्टोबर १८९२ – ५ जुलै १९४५) हे मराठी चित्रपट दिग्दर्शक, ध्वनिमुद्रक आणि प्रभात फिल्म कंपनीचे एक संस्थापक होते. त्यांचा जन्म पेण येथे झाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांची जडणघडण झाली. फत्तेलाल यांच्यासह त्यांनी १९२८ मध्ये 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला. पुढील वर्षी प्रभातची स्थापना झाली.

बोलपटांचे युग आल्यावर प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांनी घेतली. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाचे ध्वनिमुद्रण त्यांचेच. त्या काळी पार्श्वगायन रूढ नव्हते. नट चित्रीकरण चालू असतानाच गात. माणसाचा कान खोलीतील घुमाऱ्याकडे बरेचसे दुर्लक्ष करतो, मायक्रोफोनला मात्र तो विवेक नसतो. कठीण भिंतींवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की शब्द पुसट होतात. जाड पडद्यांनी उंच स्वरांचा घुमारा आवरतो, खर्जाचा फारसा नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रकाला यंत्राइतकीच जागाही ओळखावी लागे. मूकपटांत घडलेल्या दामले यांनी हे काम चाळिशीच्या उंबरठ्यावर हाती घेतले, हे विशेष होय.

१९३३ मध्ये प्रभात पुण्यास आली. तेथे दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. त्यातील अभंग विष्णुपंत पागनीस यांनी स्वतः गायिले आहेत. प्रभातच्या त्या वास्तूत आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था आहे.