इनामगावचे सांगाडे, डॉ. सांकलिया आणि कमरेखालचा सांधा

डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. त्यांनी लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. इंग्लंडमध्ये त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथे उत्खननाचे शिक्षण घेतले. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. राजवाडे आणि नाणी यांपेक्षा साधी माणसे काय खात, कशी राहत, याकडे त्यांचे लक्ष होते. जोर्वे, नेवासे, नावडातोली ही ठिकाणे त्यांच्या कामामुळे अभ्यासकांना माहीत झाली.

१९६८ मध्ये शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचे उत्खनन सुरू झाले. मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या सहकाऱ्यांसह ते १९८३ पर्यंत चालले. सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती तिथे सापडली. घरांच्या जमिनीखाली दफने होती. लहान मुले तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवलेली, तर बहुतेक प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये आला. २८ जानेवारी १९८९ रोजी सांकलिया गेले.

असे सांगाडे तपासताना प्रौढाचे वय ठरवायला एक जागा फार उपयोगी पडते. ती म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाचे तिकोनी हाड आणि कमरेचे रुंद हाड यांमधला सॅक्रोइलियाक सांधा. त्याचा पृष्ठभाग तरुणपणी हलक्या लाटांसारखा आणि बारीक कणांचा असतो, वयाबरोबर खडबडीत होत जातो. हे दुखणे असलेल्यांचे होते आणि नसलेल्यांचेही. हाडावरून वयाचा अंदाज येतो, पण तो माणूस कण्हत होता का, हे कळत नाही.

म्हणून एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘सांध्याची झीज’ वाचून घाबरू नका. या सांध्याचे दुखणे बहुधा पट्ट्याच्या रेषेखाली, एका बाजूला, ढुंगणात असते. खुर्चीतून उठताना, जिना चढताना, कुशीवर वळताना ते वाढते. बाळंतपणाच्या आगेमागेही होते. डॉक्टर हाताने दाब देऊन तीन-चार चाचण्या करतात. एकट्या चाचणीवर माझा भरवसा नसतो. बहुतेकांना व्यायाम, फिरणे आणि थोडे दिवस वेदनाशामक पुरते. अंथरुणाला खिळून राहू नका.

मात्र पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली कंबरदुखी तीन महिने टिकली आणि सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ ताठरपणा राहिला, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. ताप, वजन घटणे किंवा पडल्यानंतरचे दुखणे असेल तर लवकर तपासून घ्या. पायात बळ न राहणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा त्या जागेची संवेदना जाणे असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा.