पी. आर. पिशारोटी

पिशारोथ रामा पिशारोटी (जन्म: १० फेब्रुवारी १९०९, कोल्लंगोड, केरळ, मृत्यू: २४ सप्टेंबर २००२) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. ते भारतातील सुदूर संवेदनाचे जनक मानले जातात. हिमालयातील हिमनद्यांवर आज उपग्रहांतून नजर ठेवली जाते. त्या विद्येचा भारतातील आरंभ मात्र बर्फावर नव्हे, तर केरळातील नारळीच्या बागांवर झाला.

जीवन

पिशारोटी यांनी सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. १९४२ मध्ये ते भारतीय हवामानशास्त्र विभागात रुजू झाले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात जेकब ब्यर्कनेस यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. कुलाबा व अलिबाग येथील वेधशाळांचे ते संचालक होते. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. निवृत्तीनंतर विक्रम साराभाईंच्या अहमदाबाद येथील संस्थेत त्यांनी नव्याने काम सुरू केले. त्यांची सर्वाधिक कीर्ती या उत्तरायुष्यातील कार्याची आहे.

नारळीवरील प्रयोग

केरळातील नारळीला मूळ-कोमेज (रूट विल्ट) हा रोग ग्रासत होता. १९७० मध्ये पिशारोटी व सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, रोगट पान कमी. त्यामुळे डोळ्यांना हिरवीगार भासणारी रोगग्रस्त झाडेही ओळखता आली.

हिमनद्यांचे निरीक्षण

डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात वस्तू ओळखण्याचे हेच तत्त्व बर्फालाही लागू पडते. वरून पाहता ढग व बर्फ दोन्ही पांढरे. पण लघुतरंग अवरक्त पट्ट्यात ढग उजळ राहतो आणि बर्फ काळसर दिसतो. १९९५ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१सी उपग्रहावर हा पट्टा टिपण्याची सोय होती. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात, जेथे पिशारोटी यांनी सुदूर संवेदन विभागाची धुरा वाहिली होती, अनिल कुलकर्णी व सहकाऱ्यांनी चिनाब, पार्बती व बास्पा खोऱ्यांतील ४६६ हिमनद्या अभ्यासल्या. १९६२ पासून त्यांचे क्षेत्र २,०७७ चौ. किमी वरून १,६२८ चौ. किमी वर आल्याचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

जलविचार

भारतातील बहुतेक पाऊस वर्षातील सुमारे १०० तासांतच पडतो, म्हणून तो जागीच साठवावा, असे पिशारोटी आग्रहाने मांडत. हिमालयाच्या नद्यांसाठी हे साठवणीचे काम बर्फ करतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे ते मालगुजारी तलावांनी केले.

पिशारोटी यांना १९७० मध्ये पद्मश्री, तर १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.